इतिहास विभागातल्या व्याख्यानाला पहिल्यांदा जाताय?

विद्यापीठाच्या इतिहास विभागात वर्षभर काही ना काही चालू असतं. व्याख्यानं, चर्चासत्रं, कार्यशाळा, पुस्तकांवरच्या चर्चा. यातल्या बऱ्याच कार्यक्रमांच्या पत्रिकेवर ‘सर्वांसाठी खुले’ असं छापलेलं असतं, तरी विभागाबाहेरची माणसं, आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थीसुद्धा, दारापाशी घुटमळतात. आपल्याला काही कळेल का? कुणी ‘तुमचा विषय काय’ असं विचारलं तर? मध्येच उठून जाता येतं का? हा लेख अशा घुटमळणाऱ्यांसाठी आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रंगतदार गोष्ट ऐकायला मिळेल या अपेक्षेनं गेलात तर अर्ध्या तासात कंटाळाल. विभागातल्या व्याख्यानात ‘काय घडलं’ यापेक्षा ‘ते घडलं हे कशावरून’ यावर जास्त वेळ जातो. त्या ‘कशावरून’कडे लक्ष ठेवलंत, तर विषय कितीही अनोळखी असला तरी तास फुकट जात नाही.

कार्यक्रम कोणत्या जातीचा आहे?

पत्रिकेत सगळ्यालाच ‘व्याख्यान’ म्हणतात, पण प्रत्येकाची रीत वेगळी.

सार्वजनिक व्याख्यान नवख्यासाठी सगळ्यांत सोपं. वक्ता सर्वसामान्य श्रोता गृहीत धरूनच बोलतो. बऱ्याच ठिकाणी अशा व्याख्यानमाला कुणाच्या तरी नावानं आणि देणगीवर चालतात. ऑक्सफर्डची फोर्ड व्याख्यानमाला 1896 पासून चालू आहे. केंब्रिजला 1961 साली ई. एच. कार यांनी ट्रेव्हेलियन व्याख्यानमालेत इतिहास म्हणजे काय, या प्रश्नावर व्याख्यानं दिली. त्यांचं त्याच वर्षी निघालेलं पुस्तक अजूनही विद्यार्थ्यांच्या हाती दिलं जातं. प्राध्यापकपद स्वीकारताना द्यायच्या व्याख्यानाचीही जुनी प्रथा आहे. त्यात माणूस आपला सगळा दृष्टिकोन मांडतो, त्यामुळे ते चुकवू नये.

विभागाचा सेमिनार म्हणजे आठवड्याला किंवा पंधरवड्याला ठरल्या वेळी भरणारी बैठक. इथे अजून छापून न आलेलं, अर्धवट शिजलेलं काम मांडलं जातं. पाऊण तास वक्ता बोलतो आणि जवळपास तेवढाच वेळ बाकीचे त्याची उलटतपासणी घेतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बर्लिनमध्ये लिओपोल्ड फॉन रांके मोजक्या विद्यार्थ्यांना घरी बोलावून मध्ययुगीन साधनं त्यांच्याकडून तपासून घेत असे. ही पद्धत तिथून जगभर गेली. 1921 साली लंडनमध्ये ए. एफ. पोलार्ड यांनी इन्स्टिट्यूट ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च काढली, तिचा तर सेमिनार हाच कणा आहे.

कार्यशाळेत निबंध आधीच वाटलेला असतो. लेखक पाच-दहा मिनिटं बोलतो आणि थेट चर्चेला सुरुवात होते. निबंध वाचला नसेल तर गप्प बसून ऐकावं, हे इथलं सौजन्य.

परिषद हा वेगळाच प्रकार. दोन-तीन दिवस, एकाच वेळी अनेक सत्रं, एकेका सत्रात तीन-चार निबंध, प्रत्येकाला पंधरा ते वीस मिनिटं. अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशन 1884 सालची, इंडियन हिस्टरी काँग्रेस 1935 सालची. त्यांची अधिवेशनं याच धाटणीची. पहिल्यांदा जाणारा माणूस सकाळपासून प्रत्येक सत्रात बसतो आणि दुपारी त्याचं डोकं भणभणतं. दिवसाला तीन सत्रं निवडा, बाकीचा वेळ व्हरांड्यात घालवा. व्हरांड्यात बरंच काही कळतं.

सुरुवात सार्वजनिक व्याख्यानानं करा, पण तिथेच रेंगाळू नका. विभागाची खरी चव सेमिनारमध्ये आहे.

जाण्याआधीचा अर्धा तास

शीर्षक नीट वाचा. संशोधकांना शीर्षकात अपूर्णविराम फार प्रिय. त्याच्या डावीकडे काहीतरी काव्यात्म असतं, ते सोडून द्या. उजवीकडे स्थळ, काळ आणि विषय असतो. मग गोषवारा वाचा आणि ‘या निबंधात असं मांडलं आहे’ अशा अर्थाचं वाक्य शोधून त्याखाली रेघ मारा. असं वाक्य सापडलंच नाही, तर तीही खूण लक्षात ठेवा.

त्या प्रदेशाचा एक नकाशा आणि काळाच्या ठळक सनावळ्या डोळ्यांखालून घातल्यात की पुरे. वेळ असेल तर वक्त्याचा जुना एखादा लेख काढा. सगळा वाचायची गरज नाही. पहिली दोन पानं आणि तळटीपा बघा. हा माणूस कोणत्या दफ्तरखान्यांत बसतो, किती भाषांतले कागद वाचतो, कुणाशी भांडतो, हे तळटीपांतून चटकन कळतं.

कार्यक्रमाला नावनोंदणी लागते का, हे पत्रिकेतच बघून घ्या. ऑनलाइन असेल तर माइक बंद ठेवा. प्रत्यक्ष जात असाल तर दहा मिनिटं आधी पोचा. लवकर निघायचं असेल तर कडेची, दाराजवळची खुर्ची धरा आणि व्याख्यान संपून अध्यक्ष आभार मानतात त्या उसंतीत उठा. त्या वेळी उठलेल्याला कुणी नावं ठेवत नाही. आणि कुणी विषय विचारलाच, तर ‘मी ऐकायला आलोय’ एवढं उत्तर चालतं.

ऐकताना

वहीचं पान चार भागांत विभागा: प्रश्न, साधनं, दावा, वाद. वक्ता नेमका कोणता प्रश्न सोडवतोय? कोणत्या साधनांच्या आधारे? त्याचं म्हणणं एका वाक्यात काय? आणि ते कुणाला खोडून काढत किंवा कुणाच्या पुढे जात म्हटलंय? ‘आजवरच्या अभ्यासकांनी असं मानलं की’ अशी सुरुवात ऐकू आली की कान टवकारा, वादाचं टोक तिथे असतं. तारखा आणि नावं उतरवत बसू नका; ती नंतर कुठेही मिळतात.

एक उदाहरण रचून बघू. समजा, वक्ता एका बंदरातल्या जकातीच्या नोंदवहीवर बोलतोय. वही अठराव्या शतकातली, तीसेक वर्षांची. पडद्यावर तिचं एक पान आहे: डावीकडे तारीख, मग तांडेलाचं नाव, माल कुठला, गाठी किती, जकात किती. वक्ता दाखवतो की एका दशकात कापडाच्या गाठींच्या नोंदी निम्म्यावर आल्या, आणि म्हणतो, कापडाचा व्यापार बसला.

इथे दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नोंदी निम्म्यावर आल्या हे वहीत दिसतं. व्यापार बसला हे वक्त्याचं अनुमान. या दोहोंच्या मधल्या जागेत बरंच काही मावतं. जकातीचा दर वाढला असेल आणि माल चोरवाटेनं पलीकडच्या खाडीत उतरत असेल. वसुलीचा मक्ता दुसऱ्याकडे गेला असेल आणि नव्या मक्तेदारानं किरकोळ माल लिहायचंच सोडलं असेल. काही पानं कसरीनं खाल्ली असतील. पूर्वी गाठी मोजत, नंतर वजन करू लागले, असंही असेल. किंवा कारकून बदलला असेल. पडद्यावरच्या पानातलं अक्षर मध्येच वेगळं दिसू लागलं, तर हा शेवटचा संशय घ्यायला जागा आहे. चांगला वक्ता या शक्यता स्वतःच पुढे करतो आणि एकेक मोडून काढतो. त्यासाठी शेजारच्या बंदराचा हिशेब आणतो, एखाद्या व्यापाऱ्याची पत्रं आणतो, विणकरांच्या वस्तीवरची करवसुली बघतो. एखादी शक्यता मोडत नसेल तर तसं सांगतो. तासभराच्या व्याख्यानात खरं काम चाललेलं असतं ते इथे.

वहीत ‘दिसतं’ आणि ‘अनुमान’ यांसाठी दोन खुणा ठरवून घ्या आणि समासात मारत जा. पहिल्या एक-दोन वेळा गोंधळ उडेल, मग हाताला वळण लागतं. आणखी एक खूण हवीच: या कागदांत कुणाचा पत्ता नाही? जकातीच्या वहीत मालक असतो, तांडेल असतो. गाठी वाहणारा हमाल नसतो, सूत कातणारी बाई नसते.

साधन अस्सल आहे की नाही, हा प्रश्न तर या सगळ्याच्या आधीचा. 1440 साली लोरेंझो वाल्ला या इटालियन विद्वानानं रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या नावावरचं, पोपच्या ऐहिक सत्तेचा आधार मानलं जाणारं एक दानपत्र बनावट ठरवलं, ते मुख्यतः त्यातली लॅटिन भाषा कॉन्स्टंटाइनच्या काळाची नाही हे दाखवून. आणि उलट बाजूचं उदाहरण 1983 सालचं. ‘श्टेर्न’ या जर्मन साप्ताहिकानं हिटलरच्या रोजनिशा सापडल्याचं जाहीर केलं. ह्यू ट्रेव्हर-रोपर यांच्यासारख्या नामवंत इतिहासकारानं आधी त्यांना दुजोरा दिला, मग त्यांना शंका येऊ लागली. थोड्याच दिवसांत जर्मन केंद्रीय अभिलेखागारानं कागद आणि बांधणी तपासून निकाल दिला: सामग्री युद्धानंतरची. गंमत म्हणजे अक्षर जुळतं का हे बघायला तज्ज्ञांपुढे जे नमुने ठेवले होते, त्यातले काही त्याच बनावटकाराच्या हातचे होते. अक्षर जुळणारच! तेव्हा पडद्यावर कितीही सुंदर कागद झळकला तरी तो कुठे सापडला, कुणाकडून आला, हे वक्ता सांगतोय का तिकडे लक्ष द्या.

प्रश्न कसा विचारायचा

प्रश्नोत्तरं सुरू झाली की दर सभागृहात एक गृहस्थ उभे राहतात. ‘माझा प्रश्न नाही, थोडंसं सांगायचंय,’ असं म्हणतात आणि पाच मिनिटं थांबत नाहीत. अध्यक्ष घड्याळाकडे बघतात, वक्ता पाण्याचा घोट घेतो. हे गृहस्थ तुम्ही होऊ नका, एवढं सांभाळलंत तरी निम्मं काम झालं.

रीत साधी आहे. हात वर करा, अध्यक्षांनी खूण केल्यावर बोला, नाव सांगा आणि एका मिनिटाच्या आत एकच प्रश्न विचारा. धीर होत नसेल तर कागदावर लिहून वाचून दाखवा. मुरलेले प्राध्यापकही असं करतात. वक्त्याच्या स्तुतीत अर्धा मिनिट घालवू नका.

कसला प्रश्न? वर रचलेल्या उदाहरणावर हे प्रश्न कुणालाही सुचण्याजोगे आहेत: ‘या दहा वर्षांत वही लिहिणारा बदलला होता का?’, ‘जकात चुकवून किती माल जात असेल याचा अंदाज कुठल्या साधनातून येऊ शकतो?’, ‘नोंदी फक्त कापडाच्या घटल्या की सगळ्याच मालाच्या?’ शेवटचा प्रश्न वरवर भाबडा वाटतो, पण सगळ्याच मालाच्या घटल्या असतील तर वक्त्याचा दावा तिथेच डगमगतो. यातल्या एकाही प्रश्नाला अठराव्या शतकाचं सखोल ज्ञान लागत नाही. लागतं ते ‘कशावरून’चं भान.

न कळलेली गोष्ट सरळ विचारायलाही हरकत नाही. ‘मक्ता म्हणजे नेमकं काय होतं, आणि मक्तेदाराला त्यातून काय मिळे?’ असं कुणी विचारलं की खोलीतले दोन-तीन जाणकारही हळूच वही उघडतात, हे दृश्य बघण्यासारखं असतं.

टाळायचा प्रश्न म्हणजे ‘तुम्ही अमुक विषयावर का बोलला नाहीत?’ वक्ता बंदरावर बोलतोय आणि तुम्हाला डोंगरी किल्ले आवडतात, हा त्याचा दोष नाही. मुद्दा खरोखर जोडलेला असेल तर तो साधनाच्या अंगानं विचारा: ‘किल्ल्यांवर जाणारं कापड याच बंदरातून येत असेल, तर तिथल्या कोठारांचे हिशेब तुमच्या आकड्यांशी ताडता येतील का?’ तीच उत्सुकता, पण आता वक्त्याला उत्तर देता येतं.

पूर्वज, धर्म, राष्ट्र असे विषय आले की खोलीचं तापमान चढतं. मतभेद जरूर मांडा. ‘तुमचा हेतू काय?’ असं विचारलंत तर उत्तरात फक्त राग मिळेल. ‘हे कोणत्या कागदावरून?’ असं विचारलंत तर माहिती मिळेल. हाच प्रश्न तुम्हालाही कुणी विचारू शकतं, याची तयारी असू द्या. अध्यक्षांनी थांबवलं की थांबायचं, उरलेलं बाहेर बोलायचं.

वक्त्यानं ‘हे मला माहीत नाही’ असं उत्तर दिलं तर ते वहीत ठळक लिहून ठेवा. पुढे कधी स्वतःसाठी विषय शोधायची वेळ आली की अशी पानं फार उपयोगी पडतात.

व्याख्यानानंतर

वक्त्याभोवती घोळका होतो. पाळी येईपर्यंत थांबा, एक गोष्ट विचारा, बाजूला व्हा. सविस्तर काही हवं असेल तर दोन-तीन दिवसांत ईमेल करा: मी कोण, कुठल्या व्याख्यानाला होतो, काय विचारायचंय. चार-पाच ओळींत आटपलं पाहिजे. आपल्या घराण्याच्या इतिहासाची दोनशे पानं सोबत जोडून ‘अभिप्राय कळवा’ असं लिहू नका.

मग ग्रंथालयात जा आणि व्याख्यानात उल्लेखलेलं एक तरी साधन, निदान त्याची छापील आवृत्ती, स्वतः उघडा. वक्त्यानं उचललेल्या वाक्याच्या मागची-पुढची वाक्यं वाचा. कधी कधी अर्थ चक्क पालटतो.

काही बंधनंही पाळायची असतात. सेमिनारमध्ये मांडलेलं काम अप्रकाशित असतं. वक्त्याच्या परवानगीवाचून ते कुठे उद्धृत करायचं नाही, त्याचे मुद्दे समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. पडद्याचे फोटो काढण्याआधी विचारा. पडद्यावरच्या कागदाची प्रत छापायचे हक्क पुष्कळदा दफ्तरखान्याकडे असतात आणि वक्त्यालाही ती फक्त दाखवण्यापुरती मिळालेली असते. ध्वनिमुद्रण तर विचारल्याशिवाय नाहीच. काही बंद बैठकांत ‘चॅटहॅम हाउस नियम’ लागू असल्याचं सुरुवातीलाच सांगतात. लंडनच्या त्या संस्थेत 1927 साली ठरलेला हा नियम असा: ऐकलेली माहिती वापरा, पण ती कुणी सांगितली, किंवा बैठकीला कोण कोण होतं, हे उघड करू नका.

व्याख्यानांपलीकडे

तीन-चार महिने नियमित गेलात की चेहरे ओळखीचे होतात आणि बाकीची दारं उघडतात. वाचनगट असतो, महिन्याला एक लेख वाचून सात-आठ जण त्यावर बोलतात. जुन्या लिप्या वाचायच्या कार्यशाळा असतात. दफ्तरखान्याची भेट असते, तिथे पेन बाजूला ठेवून पेन्सिल वापरायला सांगतात. काही विद्यापीठांत पीएचडीची तोंडी परीक्षा खुली असते. ती एकदा जरूर बघा. चारपाच वर्षांचं काम तासाभरात कसं पणाला लागतं ते कळतं.

आणि मग कधीतरी स्वतः निबंध वाचायची इच्छा होते. परिषदेचं आवाहन निघालं की साधारण अडीचशे-तीनशे शब्दांचा गोषवारा मागतात. वहीच्या पानाचे तेच चार भाग इथे कामाला येतात: प्रश्न, साधनं, दावा, वाद. विषयाचं महत्त्व सांगण्यात शंभर शब्द खर्च केलेले गोषवारे पहिल्या फेरीत बाजूला पडतात. साधनांचं नाव घेऊन लिहा. ‘विविध कागदपत्रांच्या आधारे’ असं म्हटलं की वाचणाऱ्याला कळतं, अजून दफ्तर उघडलेलं नाही.

वीस मिनिटं मिळाली तर सतरा मिनिटांचं लिहा. घरी घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं. पार्श्वभूमी कापा, पुराव्याचं एक उदाहरण सावकाश उलगडून दाखवा, आणि वेळ संपल्याची चिठ्ठी आली तर चालू वाक्य पुरं करून थांबा. ‘शेवटचे दोन मुद्दे’ म्हणून आणखी सात मिनिटं खाणाऱ्यावर पुढच्या वक्त्याचा राग असतो, आणि तो रास्तच आहे.

समोर सहा माणसं असली किंवा कुणी प्रश्नच विचारला नाही, तरी खट्टू होऊ नका. 12 जुलै 1893 रोजी शिकागोत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या 31 वर्षांच्या प्राध्यापकानं अमेरिकेच्या पश्चिमेकडे सरकत गेलेल्या सरहद्दीवरचा निबंध वाचला, तेव्हा श्रोत्यांत फारशी खळबळ उडाली नव्हती. पुढची कित्येक दशकं अमेरिकन इतिहासकार त्या निबंधाच्या बाजूनं किंवा विरोधात लिहीत राहिले. मूळ रहिवाशांना त्यानं जवळपास वगळलं, हा त्यावरचा मोठा आक्षेपही पुढे अभ्यासकांनीच घेतला.

निबंध पाठवण्याआधी परिषद खरी आहे ना, तेवढं तपासा. एकाच परिषदेत इतिहास, व्यवस्थापन, अभियांत्रिकी आणि योग. गोषवारा पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी ‘निवड झाली’ असा निरोप. आणि त्याच निरोपात भरभक्कम नोंदणीशुल्क भरायची घाई. ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसली तर तिकडे फिरकू नका. आयोजन समितीतल्या एखाद्या इतिहासकाराचं नाव घ्या आणि त्याच्या विभागाकडे थेट विचारणा करा. आपलं नाव तिथे छापलंय हे त्या इतिहासकारालाच ठाऊक नसल्याचं निष्पन्न झालं, तर गोषवारा आपल्याच विभागाच्या सेमिनारला द्या. तिथे शुल्क नसतं, आणि श्रोत्यांनी निबंध लक्ष देऊन ऐकलेला असतो.